अनुभव धागा : डीएलएल गेली कुठे?

प्रोग्रॅमवर डबल क्लिक करावं आणि समोर लाल फुलीची चौकट यावी : अमुक डीएलएल सापडत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करा. (डीएलएल म्हणजे विंडोजमध्ये अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल.) उपाय ढिगाने मिळतात. मला उत्सुकता आहे ती फाइल मुळात गेली कशी याची. तुमच्याकडे शेवटी काय निघालं ते लिहा.

माझ्यापुरतं सांगायचं तर गुन्हेगार मीच. फोटोंचा एक जुना प्रोग्रॅम काढत होतो. मध्येच प्रश्न आला, ही फाइल इतर प्रोग्रॅमही वापरत असतील, काढू का? वाचायचा कंटाळा, 'सगळ्यांना हो' दाबलं. दुसऱ्या दिवशी हिशोबाचा प्रोग्रॅम उघडेना. सामायिक भिंत आपलीच समजून पाडावी, तसला प्रकार.

•

माझी फाइल हरवली नव्हतीच, ती कधी आलेलीच नव्हती. नवा लॅपटॉप, पहिलाच गेम, आणि 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल' नाही म्हणे. फुकट डीएलएल देणाऱ्या एका साइटवरून तेवढीच फाइल उतरवली आणि सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाकली. चौकट बदलली, शेवटी '७बी' असलेला लांबलचक एरर कोड आला. दोन रात्री घालवल्यावर कळलं, गेम ६४-बिट आणि मी आणलेली फाइल ३२-बिट. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ फोल्डरात ६४-बिट फायली असतात आणि ३२-बिटवाल्या 'सिसवाऊ६४'मध्ये! हे नामकरण ज्याने केलं त्याला साष्टांग नमस्कार. ती उपरी फाइल काढली, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलची (अशा डीएलएलचा अधिकृत संच) ३२ आणि ६४-बिट दोन्ही पॅकेजं टाकली, पाच मिनिटांत गेम सुरू.

•

अँटीव्हायरस. त्याच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फायली डांबून ठेवतो तिथे, जाऊन बघा, निम्म्या वेळा तिथेच बसलेली असते.

•

आमच्याकडे फाइल जागेवर असायची, पण खराब. एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवलं की दुरुस्त व्हायची. आठवडाभराने पुन्हा चौकट, आणि नाव दुसऱ्याच फाइलचं. तीनदा हेच झालं. खरं तर पहिल्यांदा नाव बदललं तेव्हाच शंका यायला हवी होती. हार्ड डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीची नोंद) काढला तर रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागांचा, आकडा दर वेळी वाढलेला. मी विंडोजला शिव्या घालत होतो आणि डिस्क मरत होती. डेटा आधी उचलला, मग डिस्क बदलली.

•

लिनक्सवालेही सुटलेले नाहीत. उबुंटू २२.०४ वर गेलो आणि एक जुना प्रोग्रॅम 'लिबएसएसएल.एसओ.१.१' (लिनक्सवरची डीएलएलसारखी लायब्ररी फाइल) मागायला लागला. एलडीडीने (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) त्याच ओळीपुढे 'नॉट फाउंड' दाखवलं. ही फाइल ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची; नव्या उबुंटूत ओपनएसएसएल ३ आलंय, १.१ गेलंय. मी शहाणपणा करून ३ च्या फाइलला १.१ नावाची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) दिली. प्रोग्रॅमला लायब्ररीचं नाव पटलं, आतली आवृत्ती पटली नाही. एरर फक्त बदलला. प्रोग्रॅमचीच नवी आवृत्ती घेतली तेव्हा सुटलो.

•

जुन्या गेमवाल्यांसाठी : 'डी३डीएक्स९_४३.डीएलएल' मागितली तर विंडोज बिघडलेलं नाही. डायरेक्टएक्स (गेमच्या ग्राफिक्ससाठीचा विंडोजचा भाग) १२ असलं म्हणून ९ च्या या जादा फायली आपोआप येत नाहीत. डायरेक्टएक्सचं जून २०१० चं रनटाइम (त्या फायलींचा संच) वेगळं टाकावं लागतं. मी हे कळायच्या आधी अख्खं विंडोज फॉरमॅट केलं होतं. चौकट तीच आली.