पैनगंगेपलीकडचे आदिलाबाद

महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरच्या पैनगंगेचा पूल ओलांडताच भाषेसकट सारेच परके होऊन जाते, हे मत मला अर्धेच पटते. पाटणबोरीमार्गे ताई आणि मी गाडीने आदिलाबादला गेलो, तेव्हा पाट्या तेलुगू झाल्या आणि तर्री-पोह्यांच्या जागी इडली-वडा आला, हे खरे. परंतु दुतर्फा कपाशी तीच होती, आणि ताईने मोडक्या हिंदीत मिरचीचा भाव विचारताच विक्रेत्या बाईंनी ‘किती देऊ, बाई?’ असे सरळ मराठीतच विचारले (ताईची वाटभराची हिंदीची उजळणी वाया गेली). शिवाय निजामाच्या राज्यात आपला राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला.