लोड चढवला तरी गर्डर वर गेलेला दिसतोय, डिफ्लेक्शन नक्की मोजायचं कसं?

कराडकर_सिव्हिल
नमस्कार मंडळी. आमच्या साइटवर नवीन पुलाची लोड टेस्ट चालू आहे. ३० मीटरचा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), पीएससी म्हणजे प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा गर्डर (तुळई), खोली साधारण २ मीटर, खाली ओढा आहे आणि त्यात अजून गुडघाभर पाणी आहे. डिझाइनप्रमाणे पूर्ण लोडला मधोमध ९-१० मिमी डिफ्लेक्शन, म्हणजे खाली वाकणं, यायला पाहिजे. पाण्यात पायाड उभारणं अवघड म्हणून काठावर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं मशीन) लावलं, गर्डरच्या बुडाला त्याचा किरण परतवणारे प्रिझम बसवले, सकाळी सातला झिरो रीडिंग घेतलं आणि काँक्रीट ब्लॉक चढवायला सुरुवात केली. दुपारी अडीचला अर्धा लोड चढला होता आणि रीडिंग सांगतंय की गर्डर १ मिमी वर गेलाय! मशीनची दुर्बीण उलटवून फेस लेफ्ट, फेस राइट दोन्ही रीडिंग घेऊन बघितलं, तेच येतंय. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणतो मशीन खराब आहे, दुसरं आणा. रिपोर्टवर सही मला करायची आहे आणि आकड्यावर विश्वास बसल्याशिवाय मी करणार नाही. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

पूल_आणि_पिअर
मशीनला दोष देऊ नका, गर्डर खरंच वर गेलाय. दुपारी डेकवर ऊन तापतं आणि बुडाला सावली, त्यातून खाली पाणी म्हणजे बूड आणखी थंड. वरचा भाग १० अंशांनी जास्त तापला असं धरा. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे ०.०१ मिमी वाढतं, म्हणजे ३० मीटरला वरची कड ३ मिमी लांब झाली आणि खालची आहे तेवढीच राहिली. मग गर्डर मधोमध उचलला जातो. किती, तर ३ गुणिले ३० भागिले १६ (खोलीच्या आठपट), म्हणजे जवळपास साडेपाच मिमी. तुमच्या अर्ध्या लोडने तो पावणेपाच मिमी खाली जायला हवा होता, उन्हाने साडेपाच वर उचलला, शिल्लक पाऊण-एक मिमी वर. तुमचं रीडिंग जवळजवळ हेच सांगतंय. तापमान वरून खाली काही सरळ रेषेत उतरत नाही, वरच्या थरातच जास्त तापतं, पण अंदाजाला हा हिशोब पुरतो.

म्हणूनच आयआरसी एसपी ५१ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या लोड टेस्टची मार्गदर्शिका) लोड टाकायच्या आधी रिकाम्या पुलाची तासातासाला तापमान आणि डिफ्लेक्शनची रीडिंग घ्यायला सांगितलंय. बरेच जण हा भाग गाळतात आणि मग असं कोडं पडतं. तो तक्ता हातात असेल तर दुपारच्या आकड्यातून उन्हाचा वाटा वजा करता येतो, नसेल तर कितीही भारी मशीन आणा, काही उपयोग नाही.

लेव्हलमशीन
वरच्या दादांशी सहमत, पण टोटल स्टेशनचंही थोडं बोलू. तुमचं मशीन कोनाच्या १ सेकंदापर्यंत (अंशाचा ३६०० वा भाग) अचूक असलं तरी ६० मीटरवर तो १ सेकंद म्हणजे ०.३ मिमी, आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून दृष्टी जाते तेव्हा हवाच थरथरते, त्यात आणखी भर पडते. ट्रायपॉडचा एक पाय उन्हात आणि दोन सावलीत असतील तर मशीन हळूहळू कलतं. म्हणून पुलाला न लागलेला एक पक्का पॉइंट, जुना खडक नाहीतर पाइल कॅप, बॅकसाइट (तुलनेचा स्थिर बिंदू) म्हणून ठेवा आणि प्रत्येक राउंडला आधी तो घ्या. तोच हलला असेल तर त्या राउंडचा डेटा तिथेच सोडून द्या.

माझा भरवसा मात्र अजून डायल गेजवर (सुई आणि तबकडीचं मोजमाप यंत्र) आहे, ०.०१ मिमी लीस्ट काउंट म्हणजे इतका बारीक फरकही वाचता येतो आणि बॅटरीची भानगड नाही. गर्डरच्या बुडाला तार बांधायची, खाली वजन लटकवून ताठ ठेवायची आणि वजनाच्या सपाट माथ्यावर गेजची सुई टेकवायची. तार इन्व्हारचीच घ्या. साधी स्टीलची ८ मीटर तार १० अंश तापली की जवळजवळ १ मिमी वाढते, इन्व्हारची साधारण ०.१ मिमी. लोखंडात ३६ टक्के निकेल असलेला हा मिश्रधातू गियोम नावाच्या माणसाने शोधला आणि मोजमापाच्या या कामाबद्दल त्याला १९२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. इतकं महत्त्व आहे या गोष्टीला! वाऱ्याने तार हलू नये म्हणून ती पीव्हीसी पाइपातून सोडा, पण पाइपला टेकू देऊ नका.

कराडकर_सिव्हिल
खूप खूप धन्यवाद दोघांनाही, आकडा इतका जुळला म्हणून जिवात जीव आला. पण गेजचा स्टँड पाण्यात कशावर उभा करायचा? ओढ्याच्या तळाला गाळ आहे. आणि एकाने ड्रोनने फोटो काढून किंवा सॅटेलाइटवरून मोजता येतं असंही सुचवलंय.

घाटमाथा
सॅटेलाइट विसरा या कामासाठी. रडारने जमिनीचं खचणं, धरणाची वर्षानुवर्षांची हालचाल छान कळते, २०२५ च्या जुलैमध्ये सोडलेला निसार उपग्रह तर त्याच कामाचा आहे, पण तो पुन्हा तुमच्या डोक्यावर येतो १२ दिवसांनी. तुम्हाला तासातासाला हवंय. फोटोवरून मोजणं मोठ्या टाक्या, जहाजाचे भाग, रेडिओ दुर्बिणीच्या डिशसाठी उत्तम चालतं, कारण तिथे एकदम शेकडो बिंदू हवे असतात. तुम्हाला पाच-सहा बिंदूच हवेत.

मी धरणांच्या इन्स्ट्रुमेंटेशनवर काम केलंय, तिथली एक गोष्ट सांगतो. धरणाचा माथा किती हलला हे बघायला आतल्या शाफ्टमध्ये ओळंबा सोडलेला असतो, गवंड्याचाच, फक्त तार लांब आणि वजन तेलाच्या डब्यात बुडवलेलं, म्हणजे झुलत नाही. पण ओळंब्याने कळतं फक्त वरच्या आणि खालच्या टोकातलं अंतर. पायाच सरकला तर? म्हणून उलटा ओळंबाही असतो, तार खाली खोल खडकात पक्की केलेली आणि वर तरंगता फ्लोट. १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला, १०३ मीटर उंच धरणाला भेगा पडल्या त्या मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. अशा ठिकाणी पाया आणि माथा दोन्हींचा वेगवेगळा हिशोब हवा.

तुमच्या ओढ्यातही तेच. गाळात स्टँड उभा करू नका. गाळाखाली कठीण थर लागेपर्यंत पाइप ठोका, त्याभोवती मोठा पाइप घाला म्हणजे पाण्याचा धक्का आतल्या पाइपला लागणार नाही, आणि माणसांची फळी वेगळ्या आधारावर ठेवा. रीडिंग घेणारा माणूस गेजच्याच आधारावर उभा राहिला तर सुई हलते.

पूल_आणि_पिअर
एक राहिलंच, बेअरिंगपाशीही, म्हणजे गर्डरची टोकं ज्या गादीवर टेकतात तिथेही, गेज लावा. रबराचं बेअरिंग लोडखाली दबतं, दोन्ही टोकं अर्धा मिमी दबली तर मधला आकडा तेवढाच फुगतो आणि ते गर्डरचं वाकणं नाही. दोन्ही टोकांची सरासरी मधल्या आकड्यातून वजा करायची.

हे सगळं का करायचं तेही सांगतो. पूर्ण लोड २४ तास ठेवून काढल्यावर पुढच्या २४ तासांत पीएससीला ८५ टक्के रिकव्हरी लागते, म्हणजे जेवढा वाकला त्यातला तेवढा भाग परत वर यायला हवा. १० मिमी डिफ्लेक्शन असेल तर शिल्लक राहायला परवानगी फक्त दीड मिमीची. मोजण्यातच १ मिमीचा घोळ असेल तर चांगला पूल नापास होईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे नापास व्हायला हवा तो पास होईल. त्यामुळे आत्ता चढवलेले ब्लॉक उतरवा, एक पूर्ण दिवस-रात्र रिकाम्या पुलाची रीडिंग घ्या आणि मग नव्याने सुरू करा. झिरो, पूर्ण लोड आणि रिकव्हरी ही तिन्ही रीडिंग पहाटे एकाच वेळेला येतील असं टाइमटेबल लावा, कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल, करू द्या.

कराडकर_सिव्हिल
पटलं. ब्लॉक उतरवायला सांगितलेत, पाइप ठोकायचं काम उद्या सकाळी सुरू. इन्व्हार तार पुण्यात कुठे तयार मिळते हे कोणाला माहीत असेल तर मेसेज करा.