सीटी नॉर्मल, तरी शुद्ध नाही

'सीटी नॉर्मल आलाय, मग पेशंट शुद्धीवर का येत नाही?' हा अपघातग्रस्तांच्या नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. रक्ताची गाठ, कवटीचं फ्रॅक्चर, सूज डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये चटकन दिसते, म्हणून अपघातानंतर आधी तोच काढतात. पण जोराच्या हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले-तुटले असतील, तर सीटी बिचारा पुष्कळदा काहीच दाखवत नाही. एमआरआयच्या एसडब्ल्यूआय, म्हणजे अगदी थोडा रक्तस्रावही टिपणाऱ्या चित्रांत मात्र तिथे तिळाएवढे काळे ठिपके उमटतात. ते किती, यापेक्षा कुठे, हे मी आधी विचारेन. मेंदूच्या देठात (ब्रेनस्टेममध्ये) दोन्ही बाजूंना इजा असेल तर लक्षण बरं नाही.

तरी फिल्म म्हणजे पत्रिका नव्हे. २००६ साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या तरुणीला फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या यंत्रात, झोपवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. हात जागचा हलला नाही, पण हालचाल योजणारा मेंदूचा भाग निरोगी माणसासारखाच उजळला! अर्थात हे सरसकट घडत नाही. २०१० च्या अशाच अभ्यासात शुद्ध हरपलेल्या किंवा जेमतेम असलेल्या ५४ रुग्णांपैकी ५ जणांनाच असं जमलं. आणि ते पाचही डोक्याला मार लागलेलेच होते.