मदत हवी आहे : मिनी पीसीत ५६००जी, रॅम ३२०० च्या वर जात नाही आणि बायोसमध्ये व्होल्टेजच नाही

घणसोली_नोड

मंडळी, आधी कॉन्फिग देतो.

प्रोसेसर : रायझन ५ ५६००जी, सोबतचा वेगा ७ ग्राफिक्स
बोर्ड : बिनब्रँडचा बेअरबोन, दोन लिटरच्या आतला, एएम४ सॉकेट, दोन सोडिम (लॅपटॉपच्या छोट्या रॅमचे) स्लॉट. बोर्डावर फक्त मॉडेल नंबर छापलाय, कंपनीची साइट काही सापडत नाही. बायोस एएमआयचा.
रॅम : २×८ जीबी डीडीआर४-३२०० सीएल२२ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे क्लॉक)
अडॅप्टर : १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअर

ग्राफिक्स कार्डाला जागा नाही, त्यामुळे जे काढायचं ते वेगातूनच. जीटीए ५ ला १०८०पी मध्ये सरासरी ठीक येते, पण गाडी वेगात असली की झटके बसतात. रॅम फास्ट केली तर फरक पडेल असं सगळीकडे वाचलं.

मुख्य मेनूत रॅमसाठी फक्त स्पीडची यादी आहे : ऑटो, २१३३, २४००, २६६६, २९३३, ३२००. टायमिंग नाही, व्होल्टेज नाही, एक्सएमपी (रॅमची तयार फास्ट सेटिंग) नाही. मग ॲडव्हान्स्ड → एएमडी सीबीएस (एएमडीचा स्वतःचा मेनू) → यूएमसी → डीडीआर४ कॉमन ऑप्शन्समध्ये शिरलो. तिथे 'आय ॲक्सेप्ट' केल्यावर मोठी यादी उघडते.

१) मेमरी क्लॉक १८०० केला (३६०० साठी). पंखा फिरतो, स्क्रीन काळी. सीमॉस क्लिअर करावा लागला (बायोस मूळ सेटिंगवर).
२) १६०० वरच ठेवून सीएल १८ निवडला. चालू झाला, पण झेनटायमिंग्ज (रॅमचे चालू आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) २४ दाखवतं आणि एआयडीए६४ या टेस्टमधली लेटन्सी (रॅमला लागणारा वेळ) आधीपेक्षा वाईट.
३) गेम चालू असताना मधूनच मशीन धाडकन बंद. निळी स्क्रीन नाही, काही नाही.

३६०० ला न्यायचा काही मार्ग आहे का? व्होल्टेजचा मेनू कुठे लपलेला असतो?

सीवूड्स४२

बाकी सगळं नंतर. खालचं झाकण उघडा, रॅमवरचा स्टिकर वाचून जसाच्या तसा इथे टाका. आणि एका काडीवर काळ्या चिप किती आहेत तेही मोजा, दोन्ही बाजूंनी.

घणसोली_नोड

स्टिकरवर : ८जीबी १आर×१६ पीसी४-३२००एए-एससी०-११. चिप चारच आहेत, सगळ्या एका बाजूला. मागची बाजू रिकामी.

सीवूड्स४२

वाटलंच होतं. आता माजिवडावाले सविस्तर लिहितील.

माजिवडा_नाका

लिहितो. तुमचे तीन प्रश्न तीन वेगळ्या कारणांचे आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका.

सगळ्यात सोपा दुसरा. सीबीएसमधले आकडे बऱ्याच बोर्डांवर हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीतली मोजणी) असतात. यादीत '१८एच' असं दिसत असेल, त्यातला शेवटचा एच नजरेतून सुटतो. हेक्समधला १८ म्हणजे आपला २४. झेनटायमिंग्ज खरं तेच दाखवतंय, तुम्ही रॅम हळू करून ठेवलीत. सीएल १८ हवा असेल तर १२एच, २० साठी १४एच, २२ साठी १६एच. विंडोजचा कॅलक्युलेटर प्रोग्रामर मोडमध्ये टाका आणि कागदावर आधी तक्ता करून घ्या, बायोसमध्ये बसून मनात हिशोब करू नका. मेमरी क्लॉक मात्र साध्या आकड्यांत असतो, आणि तो अर्धा : ३२०० साठी १६००.

आता व्होल्टेज. ते लपलेलं नाही, ते नाहीच. डीडीआर४ ला व्होल्टेज बोर्डावरचा स्वतंत्र रेग्युलेटर देतो, प्रोसेसरचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणूनच एएमडीच्या स्वतःच्या मेनूत तो पर्याय सापडणार नाही. स्वस्त बोर्डावर तो रेग्युलेटर रेझिस्टर लावून १.२ वर कायमचा बांधलेला असतो. डेस्कटॉपच्या ३६०० च्या काड्या १.३५ व्होल्टवर चालतात हे लक्षात घ्या. तुमच्याकडे तो वरचा ०.१५ नाही. मेमरी कंट्रोलरचा दोष अजिबात नाही, ५६००जी चा कंट्रोलर ३६०० आरामात ओढतो. अडतंय ते काडीपाशी.

शिवाय ३६०० ने मिळणार काय? ड्युअल चॅनेल ३२०० ची कागदावरची बँडविड्थ ५१.२ जीबी प्रति सेकंद, ३६०० ची ५७.६. म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा टक्के, तेही टायमिंग सैल न करता जमलं तर. १.२ व्होल्टवर ते जमत नाही, सीएल वाढवावा लागतो आणि कमावलेलं तिथेच जातं. हौस असेल तर १६६७ (३३३३) करून बघा, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) पण १६६७ ला हाताने लावा आणि यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचा क्लॉक) = एमईएमसीएलके (रॅमचा क्लॉक) ठेवा. झेनटायमिंग्जमध्ये एमसीएलके, एफसीएलके, यूसीएलके हे तिन्ही आकडे सारखे दिसले पाहिजेत. एक जरी वेगळा असला तर लेटन्सी मार खाते.

खरा घोळ स्टिकरवरच्या १आर×१६ मध्ये आहे. ८ जीबीची जुनी काडी आठ चिपची असायची, प्रत्येक चिप ८ बिट रुंद. त्याला १आर×८ म्हणतात, कार्डाचा, म्हणजे काडीच्या पट्टीच्या डिझाइनचा, कोड एसए. आता १६ गिगाबिटच्या चार चिप लावून ८ जीबी करतात, प्रत्येक १६ बिट रुंद. तो तुमचा एससी. खर्च वाचतो, पण डीडीआर४ च्या ×८ चिपमध्ये चार बँक ग्रुप (मेमरीचे स्वतंत्र कप्पे) असतात, ×१६ मध्ये दोनच. ३२०० ला वेगळ्या बँक ग्रुपमधलं पुढचं वाचन ४ क्लॉकनंतर सुरू होतं, त्याच ग्रुपमधलं असेल तर ८ क्लॉक थांबावं लागतं. दोनच ग्रुप असले की कंट्रोलरला आलटून-पालटून काम द्यायला कमी वाव राहतो. वर ×१६ चं पानही (एका वेळी उघडणारी ओळ) दुप्पट मोठं, २ केबीचं, त्यामुळे टीफॉ (ज्या मुदतीत चारच ओळी उघडता येतात ती) ३० नॅनोसेकंद म्हणजे ४८ क्लॉक. ×८ ला २१ नॅनोसेकंद, ३४ क्लॉक. वेगा ७ सारखं ग्राफिक्स सतत रॅमवर भुकेलं असतं, त्याला हे लगेच जाणवतं. दोन्ही काड्यांवर '३२०० सीएल२२' असंच छापलेलं असतं म्हणून गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

तुमच्या काड्यांतून निघेल तेवढं असं काढा. क्लॉक १६०० वरच. गिअर डाउन मोड चालू ठेवा, म्हणजे सीएल समच घ्यायचा, विषम टाकलात तर तो वरच्या सम आकड्यावर जातो. प्रायमरीला (सीएल, टीआरसीडी, टीआरपी) हात लावू नका, आधी हे :

टीआरआरडीएस (वेगळ्या ग्रुपमध्ये दोन ओळी उघडण्यातलं अंतर) ९ वरून ६ (६एच)
टीआरआरडीएल (त्याच ग्रुपमधलं) ११ वरून ८ (८एच)
टीफॉ ४८ वरून ३२ (२०एच), टिकलं तर २४ (१८एच). टीआरआरडीएसच्या चौपटीखाली नेऊन फायदा नाही.
टीआरएफसी (रिफ्रेशचा वेळ) ८८० (३७०एच) वरून ७२० (२डी०एच), मग ६४० (२८०एच)

एका वेळी एकच आकडा बदला. सगळं टिकल्यावर शेवटी सीएल २०. टीआरसीडी आणि टीआरपी १.२ व्होल्टवर फार खाली येत नाहीत, त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

टीआरएफसी ८८० का, तर १६ गिगाबिट चिपला जेडेक या मानक संस्थेप्रमाणे ५५० नॅनोसेकंद रिफ्रेश लागतो, गुणिले १.६. आठ गिगाबिटला ३५० पुरतात, म्हणजे ५६०. इथेही तुमची काडी मागे. इंटरनेटवर कुणी 'टीआरएफसी ४१६ ठेवा' म्हणालं तर ते ८ गिगाबिटच्या चिपसाठी आहे, आंधळेपणाने उचलू नका.

ऐरोली_से८

तिसरा प्रश्न राहिला. धाडकन बंद होणं हे रॅमचं लक्षण नाही. रॅम चुकली तर निळी स्क्रीन येते, गेम डेस्कटॉपवर फेकतो, झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येतो. एफसीएलके जास्त झाला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (हार्डवेअर एरर) १९ च्या नोंदी पडतात. काहीच नोंद न ठेवता काळोख झाला, तर बघायचं अडॅप्टरकडे.

१९ गुणिले ४.७४ म्हणजे ९० वॉट. ५६००जी ६५ वॉटवर लावला की त्याची पीपीटी (प्रोसेसरला मिळणारी कमाल वीज) मर्यादा ८८ वॉट. त्यात रेग्युलेटरचा तोटा, एसएसडी, पंखा, यूएसबीला लावलेली हार्डडिस्क. अडॅप्टरचं ओव्हरलोड प्रोटेक्शन उडतं. बंद पडल्या क्षणी अडॅप्टरवरचा दिवा बघा, विझला किंवा लुकलुकला तर नक्की तेच.

दोन उपाय. फुकटचा : सीबीएस → एनबीआयओ → एसएमयूच्या पानावर सिस्टिम कॉन्फिगरेशन ४५ वॉट करा. पीपीटी ६१ च्या आसपास येते. गेममध्ये सहा कोर पूर्ण भरत नाहीत, ग्राफिक्सला सहसा तेवढं पुरतं. विकतचा : १९ व्होल्ट ६.३२ अँपिअर, म्हणजे १२० वॉटचा अडॅप्टर. घेताना पिनची जाडी मोजून घ्या, ५.५×२.५ आणि ५.५×२.१ दिसायला सारखेच, बसतात मात्र वेगळे. सैल पिन तापते.

कळवा_खाडी

एवढं सगळं करण्यापेक्षा स्मोकलेस यूमॅफ पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा, एएमडीचे सगळे लपलेले मेनू उघडतात. सिक्युअर बूट बंद केलं की झालं.

माजिवडा_नाका

यांना सीबीएस आधीच उघडं आहे, यूमॅफने वेगळं काय मिळणार? डीरॅम व्होल्टेज त्यातही येणार नाही, कारण वर लिहिलंय. आणि त्यातून चुकीची सेटिंग सेव्ह झाली तर ती सीमॉस क्लिअर करून जाईलच असं नाही. मग सीएच३४१ए प्रोग्रामर आणून बायोस चिपवर क्लिप लावायची वेळ येते, चिप १.८ व्होल्टची निघाली तर त्याला आणखी एक अडॅप्टर. ज्या बोर्डाची कंपनीच सापडत नाही, त्याची बायोस फाइल कुठून आणणार? निदान आत्ताच्या बायोसचा बॅकअप घेतल्याशिवाय नकोच.

घणसोली_नोड

हेक्सचं बरोबर निघालं, यादीत एच आहे. अडॅप्टरचा दिवा विझतो, ४५ वॉट केल्यापासून बंद पडलं नाही. टीफॉ ३२ आणि टीआरएफसी ७२० वर विंडोज सुरू झालं. आता टेस्ट कशी आणि किती करायची? आणि काडी बदलायचीच तर कोणती?

माजिवडा_नाका

विंडोज सुरू होणं म्हणजे पास नव्हे. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ चे पूर्ण फेरे रात्रभर, मग विंडोजमध्ये टीएम५ (टेस्टमेम५). एकही एरर चालणार नाही, 'एकच आला' असं काही नसतं. मुख्य म्हणजे टीएम५ झाकण लावून आणि दुपारी चालवा. टीआरएफसी उष्णतेला फार नाजूक, रात्री एसीत पास झालेला आकडा मे महिन्यातल्या दुपारी चुकतो. या डब्यांत सोडिम बोर्डाच्या पोटाखाली असतात, वारा पोचत नाही आणि बहुतेक काड्यांना तापमानाचा सेन्सरही नसतो. टेस्टबरोबर ग्राफिक्सवर लोड ठेवा, कारण त्याच चिपची गरमी खाली उतरते. एरर आला तर टीआरएफसी ४० ने वर न्या. डब्याला खालून सेंटीमीटरभर रबरी पाय लावलेत तरी फरक पडतो.

आणि हे बदल करताना वीज गेली तर फार बिघडत नाही, बायोस फ्लॅश करताना गेली तर बिघडतं. महावितरणवर भरवसा न ठेवता तेव्हा यूपीएस लावा.

सीवूड्स४२

काडीबद्दल. ज्या बोर्डावर एक्सएमपी नाही, तिथे असा माल घ्यायचा ज्याच्या जेडेक प्रोफाइलमध्येच चांगलं टायमिंग लिहिलेलं आहे. किंग्स्टन फ्युरी इम्पॅक्ट ३२०० सीएल२० हा त्यातला, १.२ व्होल्टवर बायोसला हात न लावता २०-२२-२२ वर उठतो. २×८ घ्यायचे तर १आर×८ च, आठ चिप. जमत असेल तर २×१६ मध्ये २आर×८, कार्डाचा कोड एसई. दोन रँक (चिपचे स्वतंत्र गट, म्हणजेच २आर) असले की एक रिफ्रेश होत असताना दुसरा काम करतो, ग्राफिक्सला त्याचा क्लॉकपेक्षा जास्त उपयोग. मात्र सगळ्या १६ जीबीच्या काड्या दोन रँकच्या नसतात, हल्ली १आर×८ मध्ये पण येतात.

लॅमिंग्टन रोडला 'आठ जीबी बत्तीसशे' एवढंच बोलतात. घणसोलीहून ग्रँट रोड गाठण्याआधी दुकानदाराकडून व्हॉट्सॲपवर स्टिकरचा फोटो मागवा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान. ऑनलाइन घेतलीत तरी पाकीट फोडण्याआधी पारदर्शक खिडकीतून स्टिकर वाचा, कारण एकाच मॉडेलखाली चिप बदलतात.

ऐरोली_से८

आणि नवीन काड्या बसवण्याआधी सीबीएसमधले हाताने टाकलेले सगळे आकडे आधी ऑटो करा, नंतर मशीन उघडा. जुन्या काडीचा टीआरएफसी नव्यावर चुकून राहिला तर पुन्हा काळी स्क्रीन. तरी आलीच, तर घाई न करता दोन-तीन मिनिटं थांबा, मेमरी ट्रेनिंगला वेळ लागतो, काही बोर्ड दोनतीनदा आपोआप रीस्टार्ट होऊन डिफॉल्टवर येतात. नाहीच आलं तर अडॅप्टर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने जोडा. पिना नसतील तर वायरवाल्या सेलचं कनेक्टर उपसून पाच मिनिटं ठेवा. ते कनेक्टर नखाने दोन्ही बाजूंनी सोडवा, वायर धरून ओढू नका, सॉकेटच उखडून येतं.

यूएमए फ्रेम बफर (ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम) २ जीबी ठेवा, १६ जीबीत त्याहून जास्त देऊ नका.