आई-बाबा श्रीलंकेला चाललेत. पासपोर्ट, पैसे, दागिने कसे सांभाळायचे?

जय भीम मंडळी,

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझे आई-बाबा पुढच्या महिन्यात आठ दिवस श्रीलंकेला चाललेत. अनुराधपूर, कँडी, शेवटी कोलंबो. आसपासच्या गावांतले तीसेक जण आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. विमानात बसायची दोघांचीही पहिलीच वेळ. सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बुद्धगयेहून नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं अनुराधपूरचं झाड एकदा डोळ्यांनी पाहायचं, हे आईच्या मनात लग्नाच्याही आधीपासून आहे. त्यासाठी दोन हंगामांच्या कापसातून पैसे बाजूला काढलेत. तिथे जाऊन कागदांपायी त्यांच्या जिवाला घोर लागू नये, एवढंच वाटतं.

बाबांचं सगळं बंडीच्या आतल्या खिशात असतं. नोटा, आधार, सातबाऱ्याची झेरॉक्स, सारं एका प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर. मागच्या वर्षी नागपूरला बसमध्ये चढताना तो खिसा कुणीतरी ब्लेडने कापला. पाच हजार आणि आधार गेलं. बाबांना कळलं ते घरी येऊन बंडी काढल्यावर. चीर इतकी सरळ होती की आईने तिथल्या तिथे टाके घालून खिसा पुन्हा चालू केला, आणि बाबा आजही त्याच खिशात पैसे ठेवतात. आईला काही म्हटलं तर म्हणते, "माह्या पदराच्या गाठीतून आजवर पाच पैसे पडले नाईत."

यात्रा नेणारे म्हणतात, सगळ्यांचे पासपोर्ट आठही दिवस आमच्याकडे राहतील, म्हाताऱ्या माणसांना ताप नको. त्यांचा हेतू चांगला असेल, पण तीस पासपोर्ट एकाच बॅगेत म्हटल्यावर मला झोप येत नाही. द्यावेत का? आईची एकदाणी आणि पाटल्या घालू द्याव्यात का? आणि पैसे रोख न्यावेत की कार्डावर?

धम्मयात्री: मी वाशिमचा, दोनदा जाऊन आलो. पासपोर्ट आपल्याजवळच ठेवायला सांगा. हॉटेलात नोंदीसाठी मागतात तेव्हा द्यायचा आणि खोलीची किल्ली घेताना परत मागायचा. दोघांचे पासपोर्ट वेगवेगळे ठेवा, आणि बाबांच्या पासपोर्टची झेरॉक्स आईकडे, आईची बाबांकडे. सोबत चार-सहा फोटो. तुमच्या मोबाईलवरही पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो असू द्या.

हरवलाच तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार, तिचा कागद घ्यायचा. मग आपलं उच्चायुक्त कार्यालय. ते कोलंबोत आहे, कँडीतही सहायक उच्चायुक्त कार्यालय आहे. तिथून भारतात परतण्यापुरतं तातडीचं प्रमाणपत्र मिळतं. झेरॉक्स हाताशी असली की ते काम सोपं जातं. तिथे पोलिसांचा नंबर ११९. मोठ्या अक्षरात लिहून द्या.

एक महत्त्वाचं. विहारात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि गर्दीत लोक पिशव्याही चपलांपाशी ठेवून दर्शनाला जातात. तसं मुळीच करू देऊ नका.

काउंटरपलीकडून: बँकेत काम करतो म्हणून सांगतो. बाबांच्या कार्डावर परदेशातला वापर बंद असेल, तो बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्या. त्या खात्यात लागेल तेवढीच रक्कम ठेवा, कापसाच्या चुकाऱ्याचं खातं त्या कार्डाला नको. ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग निघण्याआधी चालू करा, हे हमखास राहून जातं. श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झालंय, पण सगळ्या दुकानांत नाही, त्यामुळे थोडी रोकड हवीच. ती दोघांत वाटून द्या. भारतीय नोटा माणशी २५ हजारांपर्यंत नेता येतात.

सोनं घरीच ठेवलेलं बरं. न्यायचंच असेल तर जाताना विमानतळावर कस्टमला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना हे तिकडून आणलं का असा प्रश्न उरत नाही.

मी (धागाकर्ता): दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तुमची उत्तरं आई-बाबांना वाचून दाखवली. आईने आज जुन्या धोतराच्या दोन पिशव्या शिवल्या, सपाट, चेन लावलेल्या, पोटाला बांधायच्या. बाबांनी वरून बंडी घालून, दहा वेळा वाकून-उठून पाहिलं, मग हो म्हणाले. पासपोर्ट आमच्याकडेच राहतील असं यात्रावाल्यांना फोन करून सांगितलं, त्यांनीही मानलं.

एकदाणी घरी ठेवायला आई तयार झाली. पाटल्या मात्र साबण लावूनही मनगटातून निघत नाहीत, वीस वर्षांच्या आहेत, पावतीही सापडत नाही. विमान मुंबईहून आहे. तिथल्या कस्टममध्ये पावती नसताना कुणी असं प्रमाणपत्र घेतलंय का? सोनाराकडून वजन लिहून नेलं तर चालतं का, आणि किती तास आधी पोचावं?