मदत हवी आहे: पाणवठा फसला, आता मचाण कुठे लावू? (अमेरिकेतलं व्हिस्कॉन्सिन, व्हाइटटेल म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण)

नमस्कार मंडळी,

शिकारीवरच आक्षेप असेल तर कृपया वेगळा धागा काढा, तिथे येऊन बोलणी खाईन. परवाना आहे, हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय (१ जानेवारी १९७३ किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे तो लागतोच), भडक नारिंगी जाकीटही आहे. अक्कल तेवढी कमी पडतेय.

जागा नैऋत्य व्हिस्कॉन्सिनमधली, ड्रिफ्टलेस भाग. हिमनद्यांनी हा टापू घासून सपाट केला नाही, त्यामुळे सोंडा, घळी, खिंडी सगळं शाबूत. भोर-वेल्ह्याकडे हिंडलेल्याला ओळखीचं वाटावं. सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं ४० एकर रान आहे. "बस कुठेही," एवढंच म्हणाले.

मागच्या वर्षी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम (नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून) सुरू झाला, तेव्हा शिडीचं मचाण तळाच्या ओढ्यावर लावलं. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावर रात्र काढली होती, डोक्यात तेच. दोन दिवसांत चार माद्या नि एक नर आले. सगळे झुडपांआड थबकले, पाय आपटला, नाकाने फुस्स, पांढरी शेपटी वर आणि गुल!

शेवटी वारं बघायला मिल्कवीडच्या (आपल्या रुईच्याच जातकुळीतलं रोप) म्हाताऱ्या सोडून पाहिल्या. पहिली ओढ्याबरोबर खाली गेली. दुसरी माझ्याभोवती गिरकी घेऊन मागच्या उतारावर चढली.

आता दोन जागा डोळ्यासमोर आहेत. एक, पूर्व-पश्चिम सोंडेवरची खिंड. वाट उत्तर-दक्षिण, पाऊलखुणा ताज्या. दुसरी, उतारावरच्या टप्प्यातले व्हाइट ओक. वारं बहुतेक वायव्येचं. कुठे बसू?

प्रतिसाद १
मेळघाटात मे महिन्यात पाणी मोजकंच, म्हणून जनावर तिथे येणारच. इथे नोव्हेंबरात पाणी कुठेही मिळतं, ओढ्यावर यायची गरजच काय? शिवाय घळीच्या तळाशी वारं भोवऱ्यासारखं फिरतं. ऊन लागलं की वर चढतं, संध्याकाळी गार हवा उताराने खाली ओघळते.

ओकचं म्हणाल तर व्हाइट ओकचे एकॉर्न (हरणं खातात ती ओकची फळं) गोड, ते ऑक्टोबरातच फस्त होतात. तुमच्या हंगामापर्यंत उरतात ते रेड ओकचे, कडवट. मी खिंड घेईन. वाटेच्या पूर्वेला बसा, म्हणजे वास वाटेवर जाणार नाही आणि सकाळचं ऊन पाठीमागे राहील. आग्नेयेकडून आलेल्या हरणाला मात्र तुमचा वास जाईल, ते सोडून द्या.

प्रतिसाद २
खिंड बरोबर, पण चढणार कुठून? वायव्य वाऱ्यात हरणं सोंडेच्या आडोशाच्या अंगाला, वरच्या भागात बसतात: पाठीवर वारं, खाली नजर. तुम्ही दक्षिणेकडून चढलात तर मचाणावर पोचायच्या आधीच रान रिकामं. लांब पडलं तरी उत्तरेकडून या.

आणि सोंडेवर आभाळाच्या रेषेत उभ्या जनावरावर गोळी नाही. मागे माती दिसली तरच. जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वी हार्नेस (अंगावरचे सुरक्षा पट्टे) झाडाला बांधलेल्या दोरीला अडकवा, बसल्यावर नव्हे. माझा मेहुणा शेवटच्या पायरीवरून घसरला होता.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. उत्तरेकडून यायचं तर शेजाऱ्याचं मक्याचं शेत ओलांडावं लागतं. रविवारी केळ्याचे वेफर्स घेऊन त्यांच्याकडे परवानगी मागायला जातो.