विषय: घर सगळ्यांसाठी उघडं ठेवणं
दार सदा उघडं ठेवलं की शेजार आपोआप जुळतो, असं सेवाकार्यातल्या कुटुंबांबद्दल म्हटलं जातं, पण ते मला अर्धंच पटलं. परदेशात सेवाकार्यासाठी गेलेलं कुटुंब कायम देणाऱ्याच्याच भूमिकेत राहिलं, तर लोक येतात, जेवतात, आभार मानतात. बरोबरीचं नातं काही होत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवतो तेव्हा थैलीसुद्धा नेऊ देत नाही. ज्या घरात उतराल तिथेच राहा, पुढ्यात येईल ते खा, असं सांगतो. म्हणजे पाहुणचार घ्यायलाच पाठवलं की!

परदेशात आमचा शेजार जुळला तो शिडी मागायला गेल्यावर. शेजारच्या आजोबांनी शिडी दिली, वर दिवा कसा बसवायचा यावर हुज्जतही घातली. पुढे सरकारी फॉर्म तेच वाचून द्यायचे (आमच्या उच्चारांना हसत). प्रार्थनेला मात्र ते कधी आले नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही.